मनगट आणि नळ

गॅरेजवाल्याला सगळे मनगट म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. माझं सीट कव्हरचं दुकान त्याच्या गॅरेजच्या भिंतीला भिंत लावून. मध्ये पत्रा, तोही फाटलेला. त्यामुळं या माणसाचं निम्मं आयुष्य मी शिलाई मशीनवर मान घालून नुसतं ऐकलंय, आणि उरलेलं पत्र्याच्या फटीतून पाहिलंय.

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं आणि त्याच्या बुडाला एक बोल्ट. जुनं तेल काढायचं तर बोल्ट खोलायचा, तेल गळून गेलं की परत आवळायचा. गॅरेजमधलं सगळ्यात हलकं काम. शिकाऊ माणसालासुद्धा त्याचा कंटाळा येतो. पण मनगटनं त्या बोल्टाची गादी केली होती आणि तिच्यावर तो बसला होता. गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचा, पाना लावायचा, आणि शेवटचा पीळ देताना घशातून असा आवाज काढायचा की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसावं. मग वर येऊन गिऱ्हाइकाला सांगायचा, "आता हा बोल्ट माझ्याशिवाय कुणाच्या बापाला सुटणार नाही."

ते खरंही होतं. दुसऱ्या गॅरेजात गेलेली गिऱ्हाइकं मान खाली घालून परत यायची. तिथल्या माणसानं पाना मोडलेला असायचा, नाहीतर बोल्टाचं डोकं गोल केलेलं असायचं. मनगट त्यांना ताटकळत उभं ठेवायचा. चहा मागवून एकटाच प्यायचा. "का हो, बाहेरचं अन्न गोड लागलं नाही वाटतं?" असं विचारायचा आणि मग खाली उतरून एका झटक्यात बोल्ट सोडायचा. गिऱ्हाईक ओशाळलं की त्याचा दिवस सार्थकी लागायचा.

कामाला माणूस घ्यायचा झाला तरी परीक्षा तीच. मी आवळलेला बोल्ट खोलून दाखव. कुणालाच जमायचं नाही. जमू नये म्हणूनच तो आवळलेला असायचा. माणूस घामाघूम होऊन खड्ड्यातून वर आला की मनगट बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणायचा, "घरी बायको बरणीचं झाकण उघडून देत असेल याला." सगळे हसायचे. मीही हसलोय. त्याच्या तावडीत आपण नाही, याचंच ते हसू असायचं.

त्याला एक मुलगा, एक मुलगी. मुलगा थोरला. तो जरा वयात आल्यावर बापानं त्यालाही खड्ड्यात उतरवलं. पोरगा अंगानं किरकोळ, पण जिद्दीचा. पाय भिंतीला रेटून त्यानं सगळा जीव पान्यावर टाकला आणि पाना सटकला. तोंड थेट वरच्या लोखंडावर. रक्तानं भरलेला हात तोंडावर धरून तो वर आला तेव्हा मनगटनं आधी वाकून खाली पाहिलं.

"दात हलले," तो म्हणाला, "बोल्ट नाही हलला."

आणि हसला. थोरल्यानं त्या दिवशी जे घर सोडलं ते सोडलंच. कुठल्याशा दूरच्या गावी पावाची गाडी चालवतो असं कानावर यायचं. आईशी फोनवर बोलायचा. बाप शेजारी असला तर तेवढंही नाही.

धाकटी लग्न होऊन गेली होती, ती परत आली. तिथं काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारायचं धाडसही केलं नाही, कारण विचारायचं काम मनगटनं स्वतःकडं घेतलं होतं. तेही गॅरेजात, चारचौघांत.

"लग्नाचं काय आणि बोल्टाचं काय," तो म्हणायचा, "आटे गेले की घट्ट बसत नाही. हिचे आटेच गेलेले."

धाकटी ऐकायची आणि हातातलं काम करत राहायची. आधी ती फक्त टेबलाशी बसायची, सामान काढून द्यायची. मग ब्रेक बघायला लागली, मग इंजिनाचं वरचं काम. शिकवलं कुणीच नाही. बाप काम करताना ती शेजारी उभी राहायची, आणि तो तिच्याकडं पाठ करून काम करायला लागला की दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहायची. तिला यंत्र कळत होतं. मनगटलाही ते दिसत होतं, आणि नेमकं तेच त्याला खुपत होतं. रोज सकाळी गॅरेज उघडलं की चहाच्या आधी त्याची हाक यायची.

"चल, बोल्ट सोड."

ती खड्ड्यात उतरायची. बोल्ट सुटायचा नाही. मग चहा. चहा मात्र तो तिला स्वतः ओतून द्यायचा, ओठांवर हसू ठेवून. एकदा तिनं पान्याच्या दांडीला लांब पाइप लावला आणि बोल्ट सुटला. मी पत्र्याच्या फटीतून पाहत होतो, मला बरं वाटलं. मनगटनं पाइप हातात घेतला, रस्त्यापलीकडच्या गटारात फेकला आणि म्हणाला, "पाइप लावून तर तुझी आजीही सोडेल. मनगट कुठाय?"

पण दिवस बदलत होते. पूर्वीची चेंबरं लोखंडी असायची, कितीही आवळा. नव्या गाड्यांची चेंबरं ॲल्युमिनियमची यायला लागली, मऊ. मनगटचा पीळ त्यांना सोसेना. भोकातले आटे घासून जायचे, तेल थेंब थेंब गळायचं. धाकटी सांगायची, "बाबा, याला मोजून आवळायचं असतं. बळानं नाही." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. गळकी गाडी परत आली की बोल्टाला टेप गुंडाळून आणखी आवळायचा. सुंभ जळेल पण पीळ कसा जाईल!

आमच्या भागात एक व्हॅनवाली होती. स्वतःची व्हॅन, स्वतःच चालवायची. ज्यांना आठवड्यातून काही वार दवाखान्यात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं अशा आजारी माणसांची ने-आण करायची. बाई तोंडानं फटकळ, पण एकेका पेशंटला हाताला धरून जिन्यावरून उतरवायची. एका दुपारी तिची व्हॅन टो करून मनगटकडं आणली. चालत्या गाडीत बोल्ट पडला होता, तेल सगळं रस्त्यावर आणि इंजिन जाम. गाडी रिकामी होती एवढंच नशीब.

"तेल बदलून आठवडा नाही झाला!" व्हॅनवाली ओरडत होती. "कुणी आवळला होता बोल्ट?"

गॅरेजात गिऱ्हाइकं होती, मीही हातातली कात्री घेऊन दारात आलो होतो. बोल्ट मनगटनं आवळला होता. त्याचा तो आवाज पत्र्यापलीकडून मी ऐकला होता. तो एक क्षणही थांबला नाही.

"पोरीनं," तो म्हणाला. "सांगत होतो, हिच्या हातात जोर नाही. पण हौस! माग माफी."

धाकटी बापाकडं बघत राहिली. आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, टेबलामागं बसली होती. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, बोल्टालाही माहीत असणार.

"चुकलं माझं," धाकटी व्हॅनवालीला म्हणाली. "इंजिन मी करून देते."

तिनं ते इंजिन उघडलं, एकटीनं, आणि पहिल्यापेक्षा चांगलं करून दिलं. त्या सगळ्या काळात मनगट येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्याकडं बोट दाखवून सांगायचा, "प्रायश्चित्त चाललंय."

मग त्याचा हात गेला. अपघातबिपघात काही नाही. आधी बोटांना मुंग्या, मग अंगठ्याखालचं मांस ओसरलं, मग हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातल्या शिरा दबल्यात, फार उशीर केलात. पाना हातातून पडायला लागला. एकदा त्यानं बोल्ट तिरका बसवला, आटे पार चिरडले, आणि वर येऊन गिऱ्हाइकालाच शिव्या घातल्या. गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली. ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं स्वतः चहा पीत ताटकळवलं होतं, ती आता मुद्दाम विचारायची, "उस्ताद, मनगट काय म्हणतंय?" रस्ता काही विसरत नाही. एकानं तर घट्ट झाकणाची पाण्याची बाटली आणून त्याच्यापुढं धरली. "जरा खोलून द्या की." त्यानं प्रयत्न केला. सगळे पाहत होते. धाकटीनं ती बाटली त्याच्या हातून काढून घेतली, उघडली आणि त्या माणसाला परत दिली. तिच्या चेहऱ्यावर दया शोधली तर सापडली नसती.

गॅरेज तिच्या हातात आलं आणि तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की बोल्ट काढून टाकले. त्याच भोकात बसणारा पितळी व्हॉल्व्ह मिळतो. छोटा नळच म्हणा. त्याला करंगळीएवढी दांडी. दांडी स्प्रिंगच्या विरुद्ध जरा वर उचलायची, फिरवायची, की तेल धारेनं डब्यात. तेल संपलं की दांडी परत फिरवून खाचेत बसवायची आणि वरून क्लिप लावायची, म्हणजे धक्क्यानं उघडणार नाही. पाना लागत नाही, जोर लागत नाही, आटे झिजत नाहीत. ज्या गाडीचं पोट जमिनीला फार टेकून असतं, तिला ती हा नळ बसवायची नाही. गिऱ्हाइकाला सरळ सांगायची, दगड लागून मोडेल, तुम्हाला बोल्टच बरा. बाकीच्यांची जुनी भोकं साफ करून, नवा वॉशर घालून, माप दाखवणाऱ्या पान्यानं मोजून व्हॉल्व्ह बसवायची. एकदाच. गिऱ्हाईक खूश, मीही खूश, कारण पत्र्यापलीकडून तो आवाज येणं बंद झालं होतं.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, चला, पोरीनं नाव काढलं. पण ती त्याच बापाची मुलगी होती.

एका सकाळी गॅरेज उघडलं, खुर्च्यांवर गिऱ्हाइकं बसलेली, चहा यायचा होता. मनगट कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. धाकटीनं हात पुसले आणि अगदी सहज आवाजात म्हणाली,

"बाबा, चला. नळ सोडा."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो हलला नाही.

"बोटानं होतं," ती म्हणाली. "मनगट लागत नाही. या ना, लोक थांबलेत."

तिनं त्याचा दंड धरून त्याला खड्ड्याच्या पायऱ्या उतरवल्या. अगदी जपून, म्हाताऱ्या माणसाला उतरवतात तसं. त्यानं थरथरत्या बोटानं दांडी फिरवली. तेल डब्यात पडायला लागलं. धाकटीनं वरून टाळ्या वाजवल्या. एकटीनंच, सावकाश. मग गिऱ्हाइकांतल्या कुणीतरी वाजवल्या, मग सगळ्यांनी. तो वर आला तेव्हा तिनं त्याला चहा ओतून दिला.

मग ते रोजचं झालं. चहाच्या आधी. दांडी खाचेत बसवून क्लिप लावायचं कामही तिनं त्याच्याकडंच दिलं आणि स्वतः खाली वाकून तपासून घ्यायला लागली. "शाब्बास. बघा, अजून जमतं की तुम्हाला!" ज्या गिऱ्हाइकाला तो कधीकाळी फार हसला असेल, त्याला ती आदल्या दिवशी निरोप पाठवायची, उद्या सकाळीच या म्हणून.

एके दिवशी मावशी माझ्या दुकानात मशीनशेजारी येऊन बसल्या. पत्र्यापलीकडं टाळ्या चालू होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी धाकटीला हाक मारली आणि माझ्यासमोरच विचारलं, "तुझ्यात आणि त्याच्यात काय फरक राहिला गं?"

"फरक आहे ना, आई," धाकटी म्हणाली. "त्यांना मजा यायची."

"आणि तुला?"

हाताला लागलेलं ग्रीस धाकटी माझ्या चिंधीला पुसत राहिली. मग म्हणाली, "दादा गेला तेव्हा तू गप्प होतीस. मी माफी मागितली तेव्हाही गप्प. आताच कशी वाचा फुटली?"

मावशींनी मान खाली घातली.

व्हॅनवालीच्या गाडीलाही नळ बसला होता. बसवून घ्यायला ती आधी तयार नव्हती, मग धाकटीच्या कामावर तिचा विश्वास बसला. त्या सकाळी तिची तेल बदलायची पाळी होती. गाडीत मागं एक निवृत्त मास्तर बसलेले. दवाखान्याची वेळ ठरलेली, म्हणून व्हॅनवाली घाईत होती. "त्यांना कुठं उतरवू, बसू दे आतच," ती म्हणाली. मनगट खड्ड्यात उतरला, तेल सोडलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात धाकटीला फोन आला. ती बाहेर गेली आणि त्या दिवशी खाली वाकून बघायचं राहिलं. नवं तेल ओतून झालं, व्हॅन निघून गेली.

त्यानं दांडी खाचेत बसवलीच नव्हती. खाचेच्या कडेवर टेकवून ठेवली होती, आणि क्लिप लावली नव्हती. गॅरेजात थेंबही पडला नाही. रस्त्याचे धक्के बसत गेले तशी दांडी सरकत गेली. उड्डाणपुलाचा चढ लागला आणि व्हॅनमध्ये तेलाचा लाल दिवा पेटला. एकदा इंजिन गमावलेली बाई ती, तिनं लाल दिवा दिसताच गाडी बंद केली. इंजिन वाचलं. पण पुलाच्या चढावर अचानक थांबलेल्या व्हॅनला मागून येणाऱ्या टेम्पोनं ठोकलं. व्हॅनवालीच्या कपाळाला टाके पडले. मास्तर सीटवरून खाली आपटले, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

दुपारी व्हॅनवाली कपाळाला पट्टी बांधून, एका पोलिसाला घेऊन गॅरेजात आली. धाकटी तोवर धावत पुलावर जाऊन नळ बघून आली होती, त्यामुळं काय झालं ते तिला कळलं होतं. पोलीस अजून बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होता. ती बापासमोर उभी राहिली.

"तुम्ही दांडी बसवली नाहीत?"

मनगट स्टुलावर ताठ बसला होता. कितीतरी महिन्यांनी तो असा बसलेला मी पाहिला.

"नाही बसवली," तो म्हणाला. "एका बोटानं काम झालं. मनगट लागत नाही. तूच शिकवलंस."

"आत माणूस होता! मास्तरांचं हाड मोडलंय!"

"टेम्पो मी चालवत होतो का?" मग तो व्हॅनवालीकडं वळला. "बघितलंस ना, बाई? नळ! माझा बोल्ट सुटला असता का असा?"

व्हॅनवाली त्याच्या अंगावर धावली. मी मध्ये पडलो. तेवढ्यात पोलीस आत आला, वही काढली आणि विचारलं, "गाडीचं काम कुणी केलं?"

"यांनी," धाकटी म्हणाली. "मुद्दाम. आत्ता सगळ्यांसमोर कबूल केलंय."

आणि मग मनगटनं जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जो हात तो आजवर खिशात लपवायचा, गिऱ्हाइकासमोर कधी टेबलावर ठेवायचा नाही, तो हात त्यानं वर उचलला आणि पोलिसाच्या नाकासमोर धरला. हात पानासारखा थरथरत होता. खरा होता तेवढा होताच, वरून त्यानं आणखी थरथरवला.

"साहेब, या हाताला काय मुद्दाम जमणार?" त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मी नको नको म्हणत होतो. रोज सकाळी खाली उतरवते मला. लोकांसमोर नाचवते. विचारा यांना, टाळ्या वाजवतात की नाही. म्हातारा माणूस मी. चिडून काहीतरी बोललो असेन, पण दांडी सुटली असेल हो हातातून."

पोलिसानं हाताकडं पाहिलं, मग आमच्याकडं. "खरंय का हे? उतरवते रोज?"

टाळ्या वाजवणारे सगळे बुटांकडं बघत होते. काय सांगणार? खरंच होतं.

पोलीस धाकटीला म्हणाला, "बाई, असा हात असलेल्या माणसाला तुम्ही गाडीखाली घालता आणि वर आळ त्याच्यावर?"

वहीत धाकटीचं नाव गेलं. निष्काळजीपणा तिचा ठरला. त्याचे सोपस्कार पुढं बरेच दिवस चालले. पण तिला जे लागलं ते व्हॅनवालीचं बोलणं. पोलीस गेल्यावर ती दारापर्यंत गेली, परत फिरली आणि म्हणाली, "त्यानं माझ्या गाडीचं वाटोळं केलं, ते मला कळलं. तो तसलाच आहे. पण त्याला खड्ड्यात कुणी उतरवलं? तुझ्या बापाचा तमाशा बघायला माझे मास्तर कशाला लागत होते तुला?"

मास्तर त्या अंथरुणावरून उठले नाहीत, म्हणजे परत चालू शकले नाहीत. व्हॅनवालीचे बाकीचे पेशंट हळूहळू दुसऱ्या गाडीनं जायला लागले. धाकटी मास्तरांकडं जायची. पहिल्यांदा त्यांच्या सुनेनं दार लावून घेतलं. नंतर दार उघडायचं, पण बस कुणी म्हणायचं नाही. ती उभ्याउभ्या विचारपूस करून परत यायची.

बापाला तिनं परत खड्ड्यात उतरवलं नाही. बोललीही नाही. तो रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचा, चहाच्या आधी वाट बघायचा. सुरुवातीला विजयी मुद्रेनं, मग नुसताच. हाक यायची नाही. शेवटी शेवटी मला वाटतं, त्याला ती हाक हवी होती. एकदा तो आपण होऊन खड्ड्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहिला. धाकटीनं त्याच्याकडं न बघता लाइट बंद केला आणि जेवायला निघून गेली.

पुढं तिनं शहराबाहेरच्या रस्त्यावर मोठी जागा घेतली. हे मला माहीत होतं, कारण तिथल्या बाकांच्या गाद्या मीच शिवल्या. मनगटला कुणी सांगितलं नाही. सामान थोडं थोडं करून हललं. तो रोज बघत होता आणि त्याला वाटत होतं, साफसफाई चाललीय. मग एक दिवस शटर उघडलंच नाही. मावशीही त्याच दिवशी गेल्या, कपड्यांची एक पिशवी घेऊन. जाताना त्याला म्हणाल्या, "अहो, मी पोरीकडं चाललेय."

"संध्याकाळी लवकर ये," तो म्हणाला. "मला उशिरा जेवण चालत नाही."

त्या थांबल्या, त्याच्याकडं पाहिलं, आणि गेल्या. त्या संध्याकाळी आल्या नाहीत, आणि नंतरही नाही. थोरल्याला मीच फोन केला, माणुसकी म्हणून. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. "तुम्ही काळजीनं फोन केलात, बरं वाटलं," म्हणाला आणि फोन ठेवला.

आता गॅरेजच्या जागी फरशीचं दुकान आहे. मनगट माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसतो. त्यानं मला नव्या जागेचा पत्ता कधी विचारला नाही. जुनी गिऱ्हाइकं अजून चुकून इकडं येतात, गाडी उभी करतात, विचारतात, "इथलं गॅरेज कुठं गेलं? ती ताई कुठाय?" मी आतून उठून बाहेर यायच्या आत तो उत्तर देऊन मोकळा होतो.

"मेली ती."

इतक्या शांतपणे सांगतो की लोक हळहळतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. तो ते ठेवू देतो. एकदा मी त्याला म्हटलं, "उस्ताद, तोंडाला काही हाड? पोटची पोर आहे." तो म्हणाला, "तू गाद्या शिव."

परवा मी रोजच्या फेरीला नव्या गॅरेजात गेलो होतो. त्यात एका बाकाची शिवणही उसवली होती. तिथं असंच एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि धाकटीला बघून जागच्या जागी थबकलं. बिचाऱ्यानं घरी बायकोजवळ हळहळसुद्धा व्यक्त केली होती. त्यानं चाचरत सगळं सांगितलं. धाकटीनं हात पुसत ऐकलं.

"सांगू दे," ती म्हणाली. "गाडी घ्या आत. तेल बदलायचंय ना?"

मावशी टेबलामागं बसल्या होत्या. त्यांनी त्या माणसाला विचारलं, "आणि माझं काय सांगतात?"

तो आणखी गडबडला. "तुमचं... तुमचं काही बोलले नाहीत."

"नाही बोलायचा," मावशी म्हणाल्या. "मला नाही मारायचा तो. मी मेले तर जेवण कुणाकडनं येणार?"

मग त्यांनी टेबलाखालून डबा काढला, झाकण घट्ट आहे की नाही ते बघितलं आणि रोजच्यासारखा माझ्याकडं दिला. "गरम आहे. जपून न्या," म्हणाल्या.